आठवरून चारवर

हिंगोलीच्या दवाखान्यात माय आयसीयूत होती, तेव्हा रोज सकाळी एक उंच माणूस रक्त न्यायला यायचा. सुई टोचण्याआधी तो तिचा गार हात आपल्या मुठीत धरून ऊब द्यायचा. रक्तातल्या लॅक्टेट नावाच्या आम्लाच्या आकड्यावरून डॉक्टर पुढचा अंदाज बांधतात, असं त्यानंच सांगितलेलं. तिसऱ्या दिवशी आकडा आठवरून चारवर आला. मी सातवी नापास. तिथंच रडायला लागलो.

तो म्हणाला, “काहून रडून राहिला लेकरा? हे शाळेचे मार्क न्हाईत. हितं कमी झाले तरच पास व्हायची आशा.”

माय वाचली. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

आता मी सुरतेला कारखान्यात. माय फोनवर म्हणते, “हात लई गार पडतेत रे.” मी फोनच मुठीत घट्ट धरतो.