अप्पांची कॅसेट

शांभवी कबनूरची. वडील महालिंगअप्पा इचलकरंजीत यंत्रमागावर, आई गंगव्वा मागाच्या कांड्यांवर सूत भरायची, आणि ही बाई कोल्हापुरात येऊन 'माणूस' शिकत होती! १९९८ साली आमच्या कॉलेजात मानवविज्ञान नावाची नवी डिग्री निघाली. शरीर, मन, समाज, रूढी, सगळं एकाच ताटात. मी बी.कॉम.ची, वसतिगृहात तिच्याच खोलीत. "ही कसली खिचडी गं? नोकरी कोण देणार?" मी डिवचायची. ती चिडायची नाही, याचाच मला जास्त राग यायचा.

तिचे सर सांगत, माणसाचा कान एका शास्त्राला आणि मन दुसऱ्याला वाटून देऊ नका. माणूस सगळा मिळून एकच असतो. तिला ते पुरतं पटलं होतं. अप्पांचं मात्र कळत नव्हतं. घरी कुणी आलं की ते म्हणायचे, "पावणं, आमची पोरगी माणसं शिकती की! आमाला काय कळतंय त्यातलं?" हे कौतुक की टोमणा, तिला ठरवता येईना. गंगव्वाला तिचं लग्न उरकायचं होतं. शिक्षण चाललं होतं ते अप्पा गप्प राहिले म्हणून.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प होता: काम माणसाला कसं घडवतं. ती कॉलेजचा टेपरेकॉर्डर घेऊन थेट अप्पांच्या कारखान्यात गेली. मागांच्या खडखडाटात तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. डबा पोचवता पोचवता शांभवीही ते शिकली होती. दोन मागांच्या मधे उभे राहून बापलेक भरपूर बोलले. शेवटी एक धागा तुटला, अप्पा तो जोडायला वळले, आणि तेवढ्यात तिने मनातलं विचारून टाकलं, "अप्पा, माझं ह्ये शिकणं तुमास्नी मनापासनं पटतंय का?" पाठमोऱ्या अप्पांचा जबडा हलताना दिसला. ओठ दिसले नाहीत. असू दे, टेपमध्ये आहेच, म्हणून ती निघाली.

खोलीत आम्ही कॅसेट लावली. खट् खट् खट् खट्, शेवटपर्यंत तेच. मला हसू आवरेना. मागवाल्याच्या पोरीलाच मागाच्या आवाजाचा विसर पडावा!

"रविवारी घरातच बसवून इचारते," ती म्हणाली. रविवार उजाडायच्या आत अप्पा मागापाशी कोसळले, ते गेलेच. ते लिंगायत, त्यांच्यात गेलेल्या माणसाला बसवून समाधी देतात. परत आल्यावर ती एवढंच बोलली, "समोर बसलेले गं. तोंड माझ्याकडं, आणि ओठ मिटलेले."

डिग्री तिने पुरी केली. एका दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायची नोकरी मिळाली, लग्न झालं. कॅसेट सुटली नाही. तिचा नवरा प्रभुलिंग वैतागायचा, "बंद कर की! घरात माग बसवल्यागत वाटतंय." खरं सांगते, मलाही तिच्या घरी जायची भीती वाटू लागली. कॅसेट बंद असली तरी भिंतीपलीकडे माग चालू आहे असं वाटायचं.

"उत्तर हाय त्यात," ती म्हणायची. "खाली दबलंय."

२००७ साली शाहूपुरीतल्या सयाजीकडे आम्ही दोघी गेलो. लग्नाच्या शूटिंगचा आवाज तो संगणकावर साफ करायचा. त्याने मागांचा खडखडाट हळूहळू खाली नेला. कारखान्याच्या दारातून कुणीतरी मारलेली हाक स्वच्छ ऐकू आली, "महालिंगअप्पा, चहा!" शांभवीने माझा हात घट्ट धरला. पुढे काहीच आलं नाही.

"ताई," सयाजी म्हणाला, "त्या हाकेबिगर ह्यात कोण बोललेलंच न्हाय."

माझ्या आधी तिला उमगलं. मागावर कुणी घसा ताणत नाही, नुसते ओठ हलवतात. अप्पांनी तेच केलं होतं. आणि तिनेही. इतक्या वर्षांत हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

जिना उतरताना ती मधेच थांबली.

"अप्पांची पाठ हुती गं माझ्याकडं. मी काय तरी इचारलं, ह्येच त्यास्नी कळलं न्हाय."

"पण जबडा हलला म्हणत होतीस ना?"

"उरलेला धागा तोडला असंल," ती म्हणाली. "दातानं."