बोईटाच्या पांढऱ्या पेशी

माझ्या संशोधनाचा विषय ऐकून आई म्हणाली, "माशांचं रक्त? का, माणसांचं संपलं?" आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, खाडीतला मासा आमच्या गावीही नव्हता. तरी मी जुईनगरहून करावे गावात जायचे, खाडीत जाळं टाकणाऱ्या एका काकींकडून जिवंत बोईटं, म्हणजे खाडीतले लांबट मासे, आणायला; काही कांदळवनाकडची, काही सांडपाण्याचा नाला खाडीला मिळतो तिथली. शेपटीजवळ सुई टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, काचेवर पसरायचं, रंगवायचं आणि त्यातल्या पांढऱ्या पेशी पाहायच्या. पाणी घाण असलं तर मासा वरून धडधाकट दिसला तरी या पेशींचं प्रमाण बिघडतं.

माझ्या काचा मात्र सगळ्या निरोगी! नाल्याच्या तोंडाशी पाणी काळंभोर आणि तिथली बोईटं ठणठणीत? एकदा मी आधीच जाऊन बसले. काकी चक्क निवडत होत्या. टवटवीत तेवढी माझ्या बादलीत, मरगळलेली बाजूला.

"काकी, हे काय?"

"पावन्याला कोनी वंगाल मासली देतं का?"

इतकी मेहनत पाण्यात गेली म्हणून मी चिडले. त्या माझ्याहून चिडल्या. "सोसायटीवाले आदीच बोलतान, खाडीची का? मग नको. त्यात तू आजारी लिवलंस त माझी मासली कोन घेनार? माझं घर चालतं त्याच्यावर, बाय!"

"लपवलेलं दुखणं बरं कसं होणार?" मी म्हणाले. पुढच्या खेपेला त्यांनी न निवडता बादली भरली, पण तोंड फुगवूनच.

व्हायचं तेच झालं. कांदळवनाकडची बोईटं ठीक, नाल्याकडची बिघडलेली. मला फार वाईट वाटलं. मग नाल्याकडची काही बोईटं मी कॉलेजच्या टाकीत, स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवली. काही आठवड्यांनी त्यांचं रक्त पुन्हा पाहिलं आणि ओरडलेच. पेशी ताळ्यावर येत होत्या.

काकींना दोन्ही गोष्टी सांगितल्या, वाईट आधी.

"म्हंजी पानी बरं झालं त मासली बरी व्हते?"

"होते. मी डोळ्यांनी पाहिलंय."

दुसऱ्या दिवशी काकी कॉलेजच्या फाटकाशी हजर. हातातल्या बादलीत एकच बोईट, अंगावर जखम, कसंबसं कल्ले हलवणारं.

"नाल्याकडची हाय, शेवटची. तिकडं आता जालं टाकनार नाय मी," त्या म्हणाल्या. "हिला तुझ्या टाकीत ठेव. बरी झाली का मना दाखव."