मामांचं चाक पट्ट्यावर

माझ्या सासूबाई एका दुमजली इमारतीच्या व्यवस्थापक आहेत. खाली औषधांचं दुकान, सलून आणि शिंप्याचा गाळा, वर दातांचे डॉक्टर, आणि मागे डांबरी पार्किंग. गच्ची गळली तर त्या कुणालातरी फोन करतात आणि विसरून जातात. पार्किंग मात्र त्यांचा जीव की प्राण. मी त्यांच्याच ऑफिसात फोन घ्यायला बसते, त्यामुळे हा विषय मला दिवसा ऑफिसात आणि रात्री जेवताना, असा दोनदा ऐकावा लागतो.

पार्किंगचे पांढरे पट्टे पुन्हा कधी रंगवायचे हे बाकीचे लोक कॅलेंडर बघून ठरवत असतील. सासूबाई ठरवतात त्यांच्या थोरल्या भावावरून. मामांनी उभं आयुष्य शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी आपली छोटी निळी गाडी घेऊन ते सलूनमध्ये येतात. डोक्यावर केस नावाला उरलेत, पण गप्पा मारायला केस लागत नाहीत. सलूनच्या मागच्या दाराजवळची जागा त्यांची. गाडी अशी लावणार, की दोन्ही बाजूंना सारखंच अंतर.

"दादाचं चाक पट्ट्यावर आलं की समजायचं, रंग गेला," असं सासूबाई म्हणायच्या. एकदा औषधवाल्यांनी पट्टे पुसट झाल्याची तक्रार केली, तेव्हा सासूबाईंनी मामांची गाडी दाखवली. "दादाला दिसतात, मग तुम्हालाच कसे दिसत नाहीत?"

यंदा पट्टे रंगवून फार दिवस झाले नव्हते, आणि एके सकाळी सासूबाई तणतणतच ऑफिसात आल्या.

"रंगवाल्याला फोन लाव."

"अहो आई, आत्ताच तर रंगवलेत."

"दादाची गाडी पट्ट्यावर आहे."

"मामांचा हात चुकला असेल."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी मुकाट्यानं फोन उचलला.

गाळेवाल्यांनी कुरकुर केली. पार्किंग दिवसभर बंद म्हणजे गिऱ्हाइकांनी गाड्या लावायच्या कुठे? दातांचे डॉक्टर खास खाली आले आणि म्हणाले की त्यांना वरच्या खिडकीतूनही पट्टे स्वच्छ दिसतात. "तुम्ही दात बघा, पट्ट्यांचं मी बघते," सासूबाई म्हणाल्या. मला हसू आवरेना, म्हणून मी कपाटात काहीतरी शोधायला लागले. शेवटी पट्टे रंगलेच, आणि तेही असे जाड की तिथे विमान उतरवावं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभ्या राहिल्या. आपलं काम बघायला त्यांना आवडतं. निळी गाडी हळूहळू आत आली आणि थांबली. नवा कोरा पट्टा गाडीच्या बरोबर पोटाखालून गेला होता. मामा उतरले, दार लावलं, इकडेतिकडे पाहिलं.

"चिमे, रंग कधी मारणार आहेस? काही दिसत नाही बघ."

मी सासूबाईंच्या मागेच उभी होते. मला एकदम आठवलं, हल्ली पेपर सलूनवालाच मामांना वाचून दाखवत होता. मामा रोज चष्मा विसरत होते. मी तो त्यांचा आळस समजले होते.

सासूबाईंनी कप पायरीवर ठेवला. चार पावलं पुढे जाऊन त्यांनी कोऱ्या डांबरावरून चपलेचं टोक फिरवलं. तिथे तेलाच्या डागाशिवाय काही नव्हतं.

"दादा, हा पट्टा सरळ आलाय का सांग ना."

मामांनी वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. "छान आलाय. एकदम सरळ."

सासूबाई घाबरलेल्या मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. "किल्ली दे," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"तिथे पट्टा नाहीये, दादा."

मामांनी पायानं ते डांबर चाचपलं. मग त्यांनी हात खिशात घातला, पण बाहेर काढला नाही. "चिमे, एकदा किल्ली गेली की परत मिळत नाही. माझ्याबरोबरच्या ड्रायव्हरांचं पाहिलंय मी. आज नको, उद्या बघू, असं करता करता माणूस घरी बसतो."

"मी देईन परत. आधी डोळे दाखव. डॉक्टर सांगतील ते कर. मग इथेच, याच जागेत गाडी लावून दाखव. नीट लागली तर किल्ली तुझी."

"आणि नाही लागली तर?"

"तर रोज मी तुला गाडीतून आणीन."

"तू चालवणार?" मामांनी बहिणीच्या हातावर किल्ली ठेवली. "त्यापेक्षा ऑपरेशन परवडलं."

मोतीबिंदू निघाला, तोही दोन्ही डोळ्यांत. एक झाल्यावर दुसरा, असं करत ते चाललं. मधल्या काळात मामा काळा चष्मा लावून सासूबाईंच्या शेजारी बसून यायचे आणि दोघं भांडतच उतरायची. पण घरी भाजी चिरताना सासूबाई मला म्हणायच्या, "नाही लागली गाडी नीट, तर मी दादाला काय तोंड दाखवू?" रोज रात्री त्या पर्समध्ये किल्ली आहे ना ते बघायच्या.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं. त्या सकाळी सगळे गाळेवाले नेमके त्याच वेळी सहज म्हणून बाहेर आले होते. मी माझी स्कूटर पार भिंतीपाशी नेऊन ठेवली. सासूबाईंनी पर्समधून किल्ली काढून दिली आणि येऊन माझं कोपर घट्ट धरलं.

मामांनी गाडी मुद्दाम रिव्हर्समध्ये घेतली. ती मागे आली, जरा वळली, जागेत शिरली आणि थांबली. दोन्ही बाजूंना सारखंच अंतर. सलूनवाल्यानं टाळ्या वाजवल्या. मामांनी उतरून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, पण चेहऱ्यावर आनंद दिसेना. ते खाली वाकले आणि एक डोळा मिटून पट्ट्याकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले.

"चिमे, हा पट्टा वाकडा आहे."

"कुठला?"

"हाच. मध्ये पोट सुटलंय त्याचं. आणि एवढे जाड कुणासाठी काढलेस?"

आपल्या पार्किंगबद्दल वावगा शब्द ऐकून न घेणारी ही बाई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मीही वाकून पाहिलं. पट्टा खरंच वाकडा होता.

"रंगवाल्याला बोलावू का, आई?" मी विचारलं.

"काही नको," त्या बाहीनं डोळे पुसत म्हणाल्या. "दादाला वाकडा दिसतोय ना? मग राहू दे तसाच."