सरकीचे बावीस दाणे

खारवडीच्या पोरींच्या शाळेला घंटा नव्हती. तानुबाई होती. दिवस कासराभर वर आला की ती वेशीजवळच्या पहिल्या दारासमोर उभी राही आणि आवाज देई, "रुख्मिणे, चाल वं." मग दुसरं दार, मग तिसरं. एकेक पोरगी पाटी काखेत मारून मागं लागे. पोरगी एकटी शाळेत गेली तर गाव नावं ठेवी, तानुबाईच्या मागं गेली तर ठेवत नसे. रस्ता तोच, पोरगी तीच, पण गावाची अक्कल अशीच चालते आणि तिच्या कलानंच घ्यावं लागतं.

तानुबाईला वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं आणि शाळेत पोरी होत्या बावीस. म्हणून तिनं सरकीचे बावीस दाणे पदराच्या एका टोकाला बांधले होते. पोरगी दारातून निघाली की एक दाणा दुसऱ्या टोकात जाई. संध्याकाळी पोरगी घरात शिरली की तो परत पहिल्या टोकात. निजायच्या आधी ती चाचपून पाही. सगळे एका टोकात असले की मगच तिच्या जिवाला थंडावा वाटे.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं त्याला सहा-सात वर्षं झाली होती. दर्यापूर तालुक्यातल्या या गावात पोरांची शाळा जुनीच होती. पोरींची शाळा काढली ती किसनराव पाटलांनी, हट्टानं. पाच जणांची कमिटी झाली, अध्यक्ष अर्थात पाटील. तालुक्याचं बोर्ड म्हणालं, आधी वर्षभर गावानं आपल्या बळावर चालवून दाखवा, मग शाळा तपासणारे डिप्टीसाहेब येतील, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर वीस पोरी बसलेल्या दिसल्या तर शाळा कायम करू. मग गावानं भार वाटून घेतला. जागा पाटलांची, म्हणजे त्यांच्या घराला लागून असलेल्या कापसाच्या कोठ्याची पडवी. बसायची तरटं कमिटीतल्या नत्थुजींची. शिकवायला मोरोपंत मास्तर, अमरावतीकडचे, पेन्शनीत निघालेले, साठीचे. त्यांना घरोघरची ज्वारी, आणि पोरी गोळा करते म्हणून तानुबाईलाही ज्वारी.

ती ज्वारी नसती तर तानुबाई कुठं गेली असती हे तिलाही सांगता आलं नसतं. सहा वर्षांपूर्वी गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, पहिली साथ आली तेव्हा तिच्या घरात उंदीर मरून पडला होता. नवरा म्हणाला, कापसाची वेचणी अर्ध्यावर आहे, बोलू नको. त्यानं उंदीर शेपटीला धरून कुंपणापलीकडे फेकला आणि ती बोलली नाही. आठ दिवसांत नवरा गेला आणि सात वर्षांची मैना गेली. शेत दिरानं घेतलं. उरली ती एकटी तानुबाई. दुसऱ्यांच्या पोरी मोजता मोजता तिची छाती जरा हलकी झाली होती. आणि त्यातच पौषातला तो सोमवार उजाडला.

पाटलांची जमुना ही बावीसातली शेवटची. नऊ वर्षांची, हुशार, पण केस विंचरून घ्यायला तानुबाईच पाहिजे. म्हणून तानुबाई बाकीच्या पोरींना पडवीत बसवून रोज मागच्या दारानं पाटलांच्या अंगणात जाई. त्या सोमवारी तिनं फणी हातात घेतली आणि कोठ्याच्या भिंतीखालून एक उंदीर बाहेर आला. भर उजेडात, माणसांना न भिता. दारू प्यालेल्या माणसासारखा झोकांड्या खात तो अंगणाच्या मध्यावर आला, स्वतःभोवती दोनदा फिरला आणि आडवा झाला.

पाटलीणबाई मनकर्णा तिथंच ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप उपडं करून त्या उंदरावर ठेवलं.

"मांजरीनं धरला असंल," त्या म्हणाल्या.

अंगणात मांजर नव्हती. फणी जमुनेच्या केसांत तशीच अडकली. किसनराव ओसरीवरून पाहत होते. ते खाली आले, सुपाकडे पाहिलं, मग तानुबाईकडे.

"तानू, गुरवारी डिप्टीसायेब येऊन राह्यले. गावात उंदीर पडला असं तहसिलीत कळलं तं सायेब येत नाई. गाव खाली करा म्हनतीन, अन् शाळा गेली. सायबाले एकदा पोरी दिसू दे. शुक्रवारी मी सोता समद्याईले शेतात नेतो. तवापर्यंत तोंडाले कुलूप."

किसनराव वाईट माणूस नव्हते, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. दुष्ट माणसापासून पळता येतं. भल्या माणसाच्या भल्या कामापुढं पाय अडखळतात. त्यांनी या शाळेसाठी भावकीशी वैर घेतलं होतं. त्यांची स्वतःची पोरगी त्याच पडवीत बसत होती. आणि तानुबाईच्या डोळ्यांपुढं ज्वारीची टोपली होती, हेही खरंच. ती मान हलवून जमुनेला पडवीत घेऊन गेली.

मंगळवारी पडवीत वास आला. मोरोपंतांनी कडुलिंबाचा पाला जाळला आणि पोरींना मोठ्यानं पाढे म्हणायला लावले. साहेबांपुढं कोणी काय म्हणायचं, कोणी कविता, कोणी हिशेब, ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं. तानुबाई उंबऱ्याशी बसून पोरींच्या मागं रचलेल्या कापसाकडे पाहत राहिली. कापूस हलल्यासारखा वाटे. ती उठून जवळ जाई, तर काही नसे. दुपारच्या सुट्टीत तिनं मास्तरांना गाठलं.

"मास्तर, कोठ्यात उंदीर पडून राह्यले."

मोरोपंतांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"मला वास येत नाही असं वाटलं का तुला?" ते हळूच म्हणाले. "माझ्या हातून दोन शाळा बंद पडल्या, तानुबाई. ही तिसरी आहे. दोनच दिवस. देव आहे."

देव आहे, हे तानुबाईनं सहा वर्षांपूर्वीही ऐकलं होतं. म्हातारा तिच्याइतकाच भ्यालेला आहे हे तिला कळलं आणि उरलासुरला आधार गेला. सांगावं तर शाळा जाते, न सांगावं तर पोरी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तरी ती झाकत होती.

बुधवारी तिनं एक युक्ती काढली. पोरगी दारातून निघाली की तिचं कुंकू नीट करायच्या निमित्तानं ती कपाळाला हात लावी आणि मग मानेवरून हात फिरवी. पोरी हसत. आया म्हणत, तानूचा भलताच जीव पोरींवर. एकवीस कपाळं थंड लागली. प्रत्येक वेळी ती मनात म्हणे, ही नाही, ही नाही. मग ती मागच्या दारानं पाटलांच्या अंगणात गेली. जमुना चुलीपाशी बसली होती. तानुबाईनं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ ऊन होतं.

चुलीपाशी बसली होती म्हणून, तानुबाईनं स्वतःला सांगितलं. थंडीचे दिवस आहेत, पोरगी शेकत होती. मनकर्णाबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. तानुबाईनं वेणी घातली. जमुना त्या दिवशी "वढू नको वं" म्हणून ओरडली नाही. तिला पडवीत नेताना तानुबाईनं तिचा हात धरला, मग सोडला, मग पुन्हा धरला.

संध्याकाळी पोरी घरोघर पोचल्या. तानुबाई शेवटच्या दाण्यासाठी पाटलांच्या मागच्या दाराशी आली. शाळा सुटली की जमुना शेजारच्या पडवीतून आपली येऊन नेहमी तिथं उभी असे. आज नव्हती. घरात नव्हती, अंगणात नव्हती. एक दाणा पदराच्या दुसऱ्या टोकात तसाच होता. तानुबाई धावत पडवीत गेली. जमुना तरटावर, कापसाच्या ढिगाला टेकून निजली होती, पाटी छातीशी धरून. अंगाला हात लावला तर तव्यासारखं. उचलताना ती कण्हली आणि तिनं पाय पोटाशी घेतला. तानुबाईनं तिच्या जांघेवर हात ठेवला. तिथं सुपारीएवढी गाठ होती.

पाटलांच्या ओसरीवर तिनं पोरगी मनकर्णाबाईंच्या हवाली केली. किसनराव भिंतीला धरून उभे होते.

"आता सांगता काय कोनाले?" तानुबाईनं विचारलं.

किसनरावांचे ओठ हलले. "सायेब तं उद्याच येऊन राह्यले," ते म्हणाले. शब्द त्यांचेच होते, पण आपण काय बोलतो आहोत ते त्यांना कळत नसावं.

तानुबाई बाहेर पडली. दिवेलागण होत होती. या वेळेला ती कधी कोणाच्या दारात गेली नव्हती. ती पहिल्या दारासमोर उभी राहिली. रुख्मिणीची आई कंदील घेऊन बाहेर आली, तानुबाईच्या मागं पाहिलं, पोरी नाहीत. न विचारताच तिचा हात तोंडाला गेला.

"पोरगी उद्या पाठवू नको," तानुबाई म्हणाली. "पाटलाच्या कोठ्यात उंदीर पडले. सोमवारपासून. शेतात चाला."

"सोमवारपासून?"

तानुबाई पुढच्या दाराकडे वळली. दुसऱ्या दारी आवाज जरा मोठा निघाला, पाचव्या दारी आणखी. नत्थुजींच्या दारात ती पोचली तोवर खालच्या आळीत लोक गाठोडी बांधायला लागले होते, गुरं सोडली जात होती, म्हातारी माणसं देवाचं नाव घेत बाजांवर बसवली जात होती. रोज पोरींना बोलावणारा तो आवाज, आणि त्याच आवाजानं गाव रिकामं झालं. काही बायांनी तिला दुवा दिला. नत्थुजींनी शिवी दिली. ती तिनं ऐकून घेतली, कारण ती तिला खरी वाटली.

गुरुवारी डिप्टीसाहेबांची बैलांची दमणी वेशीत आली तेव्हा गावात कुत्री होती आणि मोरोपंत होते. ते पडवीबाहेर, उन्हात, हजेरीचं बुक मांडीवर घेऊन बसले होते. साहेब दमणीतून उतरलेच नाहीत. "कायम करण्यायोग्य नाही" असा शेरा पुढं आठ दिवसांनी आला.

जमुना शनिवारी गेली. मंगळवारी, शेतातल्या झोपडीत, नत्थुजींची धाकटी पोरगी गेली. ती जमुनेच्या शेजारी बसत असे. बाकी वीस जगल्या. गाव म्हणालं, तानूनं गाव राखलं. तानुबाईला ते ऐकवत नसे. सोमवार, मंगळवार, बुधवार. एवढं तिला मोजता येत होतं.

गाव परत यायला फाल्गुन लागला. किसनरावांनी कोठा आपल्या हातानं जाळला. सात-आठ महिने ते पारावर आले नाहीत. मग दिवाळीनंतर एका सकाळी कमिटी मारुतीच्या देवळात बसली. बोर्ड नसलं तर नसो, शाळा देवळाच्या ओसरीत भरवायची, असं ठरलं. मोरोपंत गाव सोडून गेले नव्हतेच. ते कुठं जाणार होते? आणि किसनराव स्वतः तानुबाईच्या झोपडीपाशी आले. दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"उद्यापासून पोरी बलावजो," एवढंच म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी तानुबाई निघाली. पदरात दाणे अजून बावीसच होते. दोन काढून टाकायला तिचा हात धजला नव्हता. प्रत्येक दारात तिनं कुंकू नीट केलं, कपाळाला हात लावला, मानेवरून हात फिरवला. आता ते निमित्त राहिलं नव्हतं. हात लावल्याशिवाय तिला पाऊल उचलताच येईना. वीस पोरी ओसरीवर बसवल्या आणि ती परत फिरली. पाय सवयीनं पाटलांच्या मागच्या दाराशी गेले, आणि ती भानावर यायच्या आत तोंडातून निघून गेलं, "जमुने, चाल वं."

आत भांड्याचा आवाज थांबला. मनकर्णाबाई दारात आल्या. त्या पार वाळल्या होत्या. त्या शिव्या देतील, रडतील, दार लावून घेतील, काहीही करतील असं तानुबाईला वाटलं. त्यांनी यातलं काही केलं नाही. त्या उंबऱ्यावर बसल्या.

"तानू, त्या बुधवारी सकाळी तू तिच्या कपाळाले हात लावला होता."

"हो बाई."

"ऊन होतं काय?"

वर्षभर तानुबाई या प्रश्नाला भीत होती. आजवर तो फक्त तीच स्वतःला विचारत असे, आणि दरवेळी चुलीचं नाव सांगून सुटत असे. आता मनकर्णाबाई तिच्याकडे पाहत होत्या आणि मागं चूल दिसत होती.

"होतं," ती म्हणाली.

मनकर्णाबाईंनी मान हलवली. त्या पदराचा काठ बोटांनी चोळत राहिल्या.

"मलेई लागलं होतं," त्या म्हणाल्या. "तू यायच्या पयले. पहाटीच."

मग त्या उठल्या आणि भांडी घासायला आत गेल्या. देवळाच्या ओसरीवरून पाढे ऐकू यायला लागले होते.