फ्रेंच नटीचं जर्मन

पन्नासच्या दशकाच्या अखेरीला मी पुण्याहून जर्मनीत डार्मश्टाटला डॉक्टरेट करायला आलो. माझं जर्मन ऐकून प्राध्यापकांनी पहिल्याच भेटीत बजावलं, सहा महिन्यांत भाषा सुधारली नाही तर परत जावं लागेल. घरमालकीणबाई म्हणाल्या, सिनेमाला जात जा.

तिथे मला ती फ्रेंच नटी दिसली. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, मी तिच्या प्रेमातच पडलो. एकेक सिनेमा चार-चारदा बघायचो आणि खोलीवर येऊन तिची जर्मन वाक्यं मोठ्यांदा म्हणायचो. सहा महिन्यांनी प्राध्यापक म्हणाले, बोलता उत्तम, फक्त जरा बायकी बोलता. मला त्याचाही अभिमान वाटला.

पुढे ती अल्लड मुलींची कामं सोडून रुसलेल्या बायकांची करू लागली, मग आयांची. मीही इथेच नोकरीला लागलो, केस विरळ झाले. तिचा आवाज मात्र तस्साच होता.

एकदा ती नव्या सिनेमासाठी फ्रांकफुर्टला आली. फुलं घेऊन मी रांगेत उभा राहिलो आणि पाठ केलेले आभार जर्मनमध्ये एका दमात म्हणून टाकले. ती गोड हसली. तिला अक्षरही कळलं नव्हतं. मग ती फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली, तो आवाज जाडा, घोगरा, अगदी परका. आपल्याकडे तेच नट घेऊन एकच सिनेमा मराठीत आणि हिंदीत दोनदा काढत. मी समजत होतो, हीही तसंच करत असणार. इथे दुसरीच कुणी बाई बंद खोलीत बसून तिच्यासाठी जर्मन बोलते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिच्याबरोबरच्या दुभाष्यानं तिला सगळं समजावलं. तिनं फुलं परत माझ्या हातात ठेवली.

"ही तिची आहेत," दुभाष्यानं तिचं म्हणणं सांगितलं. "मीसुद्धा तिला कधी भेटले नाही. तुम्हाला भेटली तर माझेही आभार सांगा."

मी सिनेमा कंपनीला पत्र लिहिलं. आवाज देणाऱ्यांची नावं कळवायची पद्धत नाही, असं उत्तर आलं. नटी वारली तेव्हा पेपरात तिच्या एकेका भूमिकेवर लिहून आलं. त्या आवाजाबद्दल एक ओळ नव्हती. मला राग आला आणि रडूही आलं. जिच्यामुळे मी या देशात टिकलो, तिच्या शेजारी मी एखाद्या ट्राममध्ये बसलोही असेन. ती गप्प बसली असेल, तर ओळखणार कशी?