वरचा ओठ

आमच्या आत्येभावाइतकं माणसांच्या तोंडाकडे बघणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरं झालं नाही, आणि ते तोंड ज्याचं आहे त्याची इतकी कमी पर्वा करणारंही. रस्त्यात कुणी भेटलं की आपण नाव विचारतो, गाव विचारतो, फार तर कुणाच्या घरचे म्हणून विचारतो. तो विचारायचा, "तुम्ही कुणावर गेलात?" आणि उत्तर यायच्या आत समोरच्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायचा. नांदेडच्या एसटी स्टँडावर त्यानं असंच एका कंडक्टरचं तोंड वळवलं. कंडक्टर पायरीवर उभा, हात घंटीच्या दोरीवर. दचकून दोरी ओढली गेली, घंटी वाजली आणि निलंग्याची गाडी आम्हा दोघांना न घेता निघून गेली. पुढची गाडी तीन तासांनी होती. मी कपाळाला हात लावून बसलो. हा धुरळ्यात बघत म्हणाला, "डावा कान मातर चांगला होता."

लग्नात लोक नवरी बघायला जातात. हा आजोळच्या म्हाताऱ्यांचे कान बघायला जायचा. पंगतीच्या मागून, एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिलीनं मापं घेत फिरायचा. परका माणूस असता तर एव्हाना मार खाल्ला असता. पण कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून म्हातारे घास थांबवून डोकं स्थिर धरायचे. तो पाच महिन्यांचा असताना त्याची आई, म्हणजे माझी आत्या, तापानं गेली. वडीलही लवकरच गेले आणि तो आमच्याच घरात वाढला. आत्याचा फोटो नाही. लग्नातला एक आहे, पण त्यात तिनं मान इतकी खाली घातलीय की मुंडावळ्याच तेवढ्या दिसतात. आमच्याकडे त्याला 'मुंडावळ्यांचा फोटो' असंच म्हणतात. नात्यातल्यांना विचारावं, तर "गोरीगोमटी होती, गुणाची होती" एवढंच सांगायचे. गेलेल्या सगळ्याच बायका गोऱ्यागोमट्या आणि गुणाच्या असतात. तिचं तोंड खरंच लक्षात असलेलं माणूस एकच उरलं होतं, तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे वडील. आणि या पठ्ठ्याला आपल्या आईचं तोंड बघायचं होतं.

त्याचं मला सांगणं साधं होतं. "बापू, आपण म्हणतो ना, पोरगं आज्यावर गेलं, पोरगी आत्यावर गेली. उगाच म्हणतो का? गेलेलं माणूस जातंय कुठं? दुसऱ्यावर जातंय. आई सगळी गेली न्हाई. वाटली गेलीय." तर ती वाटली गेलेली आई तो गोळा करत होता. कपाळ निलंग्याच्या एका चुलत मावशीकडे सापडलं. डोळे उदगीरला निघाले. नाक माझ्या वडिलांचं घेतलं. आमच्या घराण्याचं नाक शोधावं लागत नाही, ते आधी येतं आणि मागून माणूस येतो.

लोक पोरांची नावं शाळेत घालतात त्या वयात यानं स्वतःचं नाव नांदेडच्या चित्रकलेच्या कॉलेजात घातलं. ड्रॉइंग मास्तर व्हायचं तर मुलांची शिबिरं घ्यावी लागत आणि शाळांत जाऊन सराव पाठ द्यावे लागत. त्याच्या पहिल्या शिबिराला मी हौसेनं मदतीला गेलो. मला वाटलं, डोंगर, सूर्य, झोपडी. यानं तीस मुलांना डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, "आपलं तोंड चाचपा. हाताला जे लागंल तेच काढा." भर दुपारी, खिडक्या लावलेल्या त्या हॉलमध्ये तीस मुलं मुकाट्यानं स्वतःच्या गालांवरून बोटं फिरवत बसली होती. एवढी मुलं इतकी गप्प मी जन्मात पाहिली नव्हती. मुलगा न्यायला आलेली एक बाई दारातच थबकली, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "भाऊ, ह्या लेकरायला काय लागलंय?" मी म्हणालो, "चित्रकला." तिनं मुलाला उचललं आणि चपला न घालताच गेली. तिच्या चपला मी संध्याकाळपर्यंत सांभाळत बसलो.

पुढे लातूर नवा जिल्हा झाला आणि मला तिथल्या नव्या कचेरीत चिकटवण्यात आलं. नव्या जिल्ह्यात टेबलं होती, खुर्च्या होत्या, पाट्यांचा रंग ओला होता. पाणी तेवढं नव्हतं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता आणि सगळं शहर टँकरच्या आवाजाकडे कान लावून बसलेलं असायचं. फायलींवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून नवं लिहिणं हे माझं काम. तशात आत्येभाऊ वळकटी घेऊन दारात उभा. त्याचे सराव पाठ शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या एका शाळेत लागले होते, आणि मुक्काम अर्थातच माझ्या खोलीत. आठ दिवसांत खोलीच्या भिंतीवर कागद लागले. एकावर नुसतं नाक, एकावर नुसती भुवई, एका दोरीवर ओळीनं कान. वारा आला की सगळे एकदम हलायचे. आमची घरमालकीण, जिला सगळी गल्ली खाला म्हणायची, एकदा डोकावली ती पुन्हा उंबऱ्याच्या आत आली नाही. "बापू," ती बाहेरून म्हणाली, "तुझ्या खोलीत कान टांगलेत रे. चौदा हायेत, मी मोजले. आता मी सुनेला बोलू कुठं?" आणि खरंच, तेव्हापासून सासू-सुनेची भांडणं मागच्या अंगणात होऊ लागली. मला हसू यायचं. पण खोलीत एकटा असलो की मीही कागदपत्रं आवाज न करता उलटायचो.

शाळेत पहिल्याच दिवशी यानं ब्रश बुडवायला वाटीभर पाणी मागितलं. हेडमास्तर म्हणाले, "मास्तर, वाटीभर पाणी असंल तर आधी मी पितो." झालं, रंगपेटी बंद. मुलं घरून चुलीतले कोळसे आणू लागली. एका शनिवारी कॉलेजातले सर पाठाची पाहणी करायला यायचे होते. हा पाठ गेला असता तर वर्ष गेलं असतं आणि याची आधीच दोन गेलेली. धीर द्यायला म्हणून मी बरोबर गेलो. वाटेत मी हात जोडले, "भाऊ, आज तरी फुलदाणी काढायला सांग." तो "हाव" म्हणाला. तो हाव म्हणाला की करत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्यानं फळ्यावर लिहिलं, 'ज्यांचा फोटो नाही'. आदल्या दिवशीच मुलांना घरी विचारून यायला सांगितलेलं होतं. आज्याचं नाक कुणावर गेलं, आजीची हनुवटी कुणावर गेली. वर्गात मग एकच धांदल उडाली. कुणी धाकट्या भावाला ओढून आणलेलं, कुणी चुलत्याला बाकावर बसवून त्याचे कान बघून काढत होतं. सर मागच्या बाकावर वही उघडून कपाळाला आठ्या घालून बसले होते. सातवीतल्या एका पोरीनं पणजोबा काढले. भुवया चुलत्याच्या, कान भावाचे, हनुवटी स्वतःची, हात लावून लावून. कोळशाचा तो म्हातारा तिनं फळ्याला टाचला आणि मला उगाच वाटलं, की वर्गात एक माणूस वाढलं.

तेवढ्यात तिची आजी आली. बाहेर टँकरच्या रांगेत सकाळपासून होती, नातीला नंबरला उभं करायला बोलवायला आलेली. काखेत रिकामी घागर. उंबरा ओलांडला, फळ्याकडे बघितलं, आणि म्हातारीनं झटकन पदर पुढे ओढला, थेट नाकापर्यंत. घागर आवाज न करता खाली ठेवली. अंग चोरून, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग अगदी हळू नातीला म्हणाली, "मामंजी कवा आले गं?"

मामंजी म्हणजे तिचा सासरा. जाऊन चाळीस वर्षं झालेला. एकही मूल हसलं नाही. म्हातारीनं पदराआडून पुन्हा विचारलं, "पाणी तरी दिलं का न्हाई कुणी त्यायला?"

मागच्या बाकावरचे सर उठले. त्यांनी नांदेडहून आणलेली आपली पाण्याची बाटली उघडली, पेलाभर पाणी ओतलं आणि पेला फळ्यासमोरच्या टेबलावर ठेवून दिला. मग जाग्यावर जाऊन वहीत शेरा लिहिला. तो शेरा मी नंतर स्वतः वाचला आहे. 'पाठ परिणामकारक. पुन्हा घेऊ नये.'

आत्येभाऊ पास झाला. परतीच्या गाडीत मी पेढ्यांच्या गोष्टी करत होतो आणि तो माझ्या तोंडाकडे बघत होता. "बापू," तो म्हणाला, "सगळी आई जमली. वरचा ओठ तेवढा राहिला. तो तुझ्याकडं हाय."

हे खरं होतं. आत्या गेल्यावर दोन वर्षांनी मी जन्मलो. मी पहिल्यांदा हसलो तेव्हा आजीच्या हातातली चाळणी खाली पडली म्हणतात. त्यानंतर आजी जिवंत असेपर्यंत, मी हसलो की माझ्या तोंडावर हात ठेवायची. पण त्या ओठावर आता मिशी होती. साधी नव्हे, टोकं वळवलेली. घरात माझ्या लग्नाचं बघून राहिले होते आणि मुलीच्या बापाला दाखवावं असं माझ्यात तेवढंच होतं. त्यात आमच्यात मिशी काढतात ती बाप गेल्यावर. आईच्या कानावर गेलं तेव्हा ती कडाडली, "बाप जिता वसरीत बसलाय आन तू मिशी काढतूस? कामून? चित्रासाठी?" मी लगेच आईचा आज्ञाधारक मुलगा झालो. एरवी तिचं मी काही ऐकत नसे.

वडील एकदा लातूरला आले. आत्येभावानं सगळे तुकडे जोडून काढलेला मोठा कागद त्यांच्यासमोर उभा केला. कपाळ, डोळे, नाक, कान, हनुवटी आणि नाकाखाली वरच्या ओठाची कोरी जागा. ते कागदाजवळ सरकले. मग म्हणाले, "आलीय. तीच हाय." पुन्हा थोड्या वेळानं म्हणाले, "ल्हानपणीबी अशीच. काही सांगायचं असलं की आधी गप बसायची." स्वतःच्या पांढऱ्या मिशीवरून हात फिरवत त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना दात उरले नव्हते आणि ओठ आत गेला होता, नाहीतर त्यांनी स्वतःचा दिला असता. माझा ते मागू शकत नव्हते. माझ्या मरणाची आधी तालीम कर, असं कोणता बाप पोराला म्हणेल? उठताना एवढंच म्हणाले, "तोंड लागलं की मला बोलवा."

मी म्हणालो, लग्न झालं की बघू. लग्न झालं. बायको म्हणाली, मिशी बरी दिसते. मी म्हणालो, पाऊस पडू दे, मग बघू. तो पडायच्या आत वडील गेले.

दहाव्याला नांदेडला गोदावरीच्या घाटावर न्हाव्यानं मिशी काढली. वाळूवर ती एवढीशी दिसली. एवढ्याशा केसांसाठी मी थांबलो होतो. आत्येभाऊ बाजूला उभा होता, काखेत चित्राची गुंडाळी, पण त्यानं ती उलगडली नाही. मीच म्हणालो, "भाऊ, काढ." कुणीतरी नातेवाईक चिडला, "अरे, दिवस कोणता, करून काय राहिलात!" त्यानं ऐकलं नाही. माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं. लहानपणापासून जगभरच्या लोकांना दिलेला तो हिसका मला पहिल्यांदाच बसत होता. चार-पाच रेघा मारल्या असतील. कागद स्वतः न बघता तो पाण्याच्या कडेला गेला. पाणी कसलं, डबकं. तिथं त्यानं कागद नदीकडे तोंड करून धरला आणि म्हणाला, "मामा, बघा. तोंड लागलं."

मग त्यानं कागद आमच्याकडे वळवला. ती कशी दिसत होती ते मला सांगता येणार नाही. घाटावरच्या कुणाला तिचं तोंड आठवत नव्हतं, तरी सगळे बोलायचे थांबले. ती आता काही बोलेल, आणि आपण मध्ये बोलू नये, असं झालं होतं.

आत्येभाऊ आता निलंग्याकडे ड्रॉइंग मास्तर आहे, निवृत्तीला आलाय. शिरूर अनंतपाळ तालुका झालं, आमच्या नव्या कचेरीच्या पाट्या दोनदा बदलल्या. दर दिवाळीला तो येतो, मला खिडकीशी बसवतो आणि आईचं नवं चित्र काढतो. त्या वर्षीच्या माझ्या ओठासकट. पहिल्यांदा मी विचारलं, कशाला रे दरवर्षी? तर म्हणाला, "आई बावीस वर्षांचीच राहिली तर कसं चालंल? मी तिच्याहून मोठा झालो. बरं दिसत न्हाई ते." त्याच्या वहीत आत्या म्हातारी होत आलीय. माझा पुढचा दात पडला त्या दिवाळीला तो इतका खूश झाला, की बायकोला वाटलं याला कसला तरी पुरस्कार मिळाला.

मिशी मी परत ठेवली नाही. सकाळी दाढी झाली की तोंड पुसून आरशासमोर जरा थांबतो. कधी कधी मी हसायच्या आधीच आरशात वरचा ओठ हलतो. आजी असती तर तिनं हात ठेवला असता. मी ठेवत नाही. थांबतो, बोलली तर ऐकावं म्हणून.