लूनं वाचलेले ओठ

ल्युएला प्रुइटला ऐकू येत नव्हतं. सातव्या वर्षी तापात तिचे कान गेले. पण मूकपटातले नट पडद्यावर खरोखर काय बोलतात, ते अख्ख्या ड्राय फोर्क गावात तिला एकटीला ओठांवरून कळायचं. मी थिएटरात पिक्चरच्या मशीनचा दांडा फिरवायचो, ती पहिल्या रांगेत बसायची. नायक नायिकेला कवटाळायचा, पडद्यावर संवादाची पाटी यायची, ‘तुझ्याविना मी कसा जगू!’ आणि ल्युएला सपाट, मोठ्या आवाजात सांगायची, “तो म्हणतोय, माझ्या बुटावरचा पाय काढ.” लोक पोट धरून हसायचे. पिक्चर भिकार असला तरी तिच्यासाठी यायचे.

एरवी ती रेल्वेवाल्यांचे शर्ट इस्त्री करायची. घरात ती आणि भाऊ होबार्ट, दोघंच. होबार्ट इंजिन ड्रायव्हर. तो तिला लू म्हणायचा. तिला ओठ दिसावेत म्हणून आधी उजेडाकडे तोंड करायचा, मग बोलायचा.

गेल्या वर्षी दरोडेखोरांचा पिक्चर काढायला एक कंपनी गावात आली. गाडी चालवायला होबार्ट, कोळसा टाकायला व्हर्जिल स्टॉडर्ड. डब्यांत प्रवासी म्हणून आम्ही गावकरी, चर्चला जायच्या टोप्या घालून. उतारावर गाडी ताब्यातून सुटली. व्हर्जिलनं उडी मारली, इंजिनाबाहेरच्या फळीवर उभ्या कॅमेरावाल्यानंही कॅमेऱ्यासकट मारली. वळणावर इंजिन उलटलं. डबे मात्र उभे राहिले. होबार्ट गेला. कंपनी म्हणाली, ड्रायव्हर प्यायला होता. व्हर्जिलनं मान डोलावली. मग रेल्वेवाल्यांच्या मंडळानं होबार्टला आपल्या दफनभूमीत घेतलं नाही, कुंपणाबाहेर पुरलं. ल्युएला घरोघर सांगत फिरली की तो दारूला शिवत नव्हता. आम्ही माना हलवल्या आणि दारं लावली. लाज वाटते आता.

सात महिन्यांनी तो पिक्चर आमच्याकडे आला. शनिवारी दुपारी थिएटर गच्च भरलं. सगळ्यांना आपापली टोपी पडद्यावर बघायची होती. कंपनीनं उतारावरचा तो खरा प्रसंग पिक्चरमध्ये तसाच ठेवला होता. इतकी खरी भीती नटाला कुठून जमणार?

होबार्ट दिसला. पडद्याखाली पिक्चरच्या साथीला बाजा वाजवणाऱ्या बाईंचे हात थांबले. मशीनची खडखड तेवढी राहिली. होबार्ट ब्रेकचा दांडा ओढत होता, व्हर्जिलशी काही बोलत होता. पाटी आली, ‘दरोडेखोर! प्राण गेला तरी थांबणार नाही!’ ल्युएला पुढे झुकली. मग होबार्टनं मान वळवली, उन्हाकडे तोंड केलं आणि थेट आमच्याकडे बघत सावकाश ओठ हलवले.

ल्युएला उठली, लोकांकडे वळली.

“होबार्ट म्हणतोय, ब्रेक लागत नाहीत. व्हर्जिल म्हणतोय, ब्रेकचं मी काल कंपनीला सांगितलं होतं, मरू दे, उडी मार. होबार्ट म्हणतोय, मागे माणसं आहेत, तू मार.”

“भावाचीच बाजू घेणार ती,” मागून कुणीतरी पुटपुटलं.

“गप रे!” व्हर्जिल उभा राहिला. चेहरा पांढराफटक. “तिला कसं कळलं? इंजिनात आम्ही दोघंच होतो. मी तर बायकोलाही बोललो नाही!”

आपण काय बोलून बसलो ते त्याला मागाहून उमगलं. तो खाली बसला आणि तोंड झाकून रडू लागला.

दांडा थांबवला तर मशीनच्या दिव्यानं फिल्म पेटते, म्हणून मी फिरवत राहिलो. पडद्यावर नायक-नायिका मुके घेत होते. बघत कुणीच नव्हतं. ‘मागची माणसं’ म्हणजे आम्हीच होतो.

सोमवारी होबार्टची पेटी उकरून कुंपणाच्या आत आणली. खांदा द्यायला व्हर्जिलही आला. ल्युएलानं त्याला हाकललं नाही, बोललीही नाही.

परतताना मी उजेडाकडे तोंड केलं आणि तिला विचारलं, “लू, उन्हाकडे वळला तेव्हा काय म्हणाला गं तो?”

“माझ्याशी बोलत होता,” ती म्हणाली. “म्हणाला, लू, बघशील तेव्हा सांग त्यांना.”